लिम आंटींना आलेलं पत्र

"वाच," लिम आंटी म्हणाल्या. पत्र त्यांनी सविताच्या घरातल्या टेबलावरून दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवलं.

सविता नुकतीच तुआसच्या कारखान्यांच्या भागातून आली होती. कंपनीच्या बसमध्ये सव्वा तास गेलेला, केसांना वर्कशॉपचा वास, चहासुद्धा झाला नव्हता. पण शेजारच्या आंटींची इंग्रजी पत्रं वाचून दाखवणं हे तिचं बारा वर्षांचं काम होतं. दवाखान्याच्या तारखा, पाणी बंद असल्याच्या सूचना, दोन वर्षांपूर्वी लिम अंकल गेले तेव्हाची सगळी कागदपत्रं. आंटींना हॉकियन ही त्यांची चिनी बोली यायची, मलाय यायची, तोडकंमोडकं इंग्रजी बोलता यायचं. वाचता यायचं नाही.

"इमारतीच्या ऑफिसचं आहे," सविता म्हणाली. "कॉरिडॉर मोकळा करा म्हणतात. कुंड्या काढा. आणि तो कागद जाळायचा डबा. चौदा दिवसांत. नाहीतर ते येऊन उचलून नेतील."

"का?"

"तक्रार आलीय."

"कोणाची?"

"नाव नाही दिलेलं."

मागच्या पानावर दोन फोटो होते. एकात आंटींच्या कुंड्या. दुसऱ्यात खुद्द आंटी, दुखऱ्या गुडघ्यामुळे स्टुलावर बसून डब्यात कागद जाळताना. चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता, पितरांचा. आपल्या पितृपक्षासारखाच तो. अंकलना पोचावेत म्हणून त्या रोज थोडे पूजेचे कागद जाळत.

सविता क्रेनदुरुस्तीच्या कंपनीत तपासणीचे रिपोर्ट तयार करायची. अकरा वर्षं वेल्डिंगला गेलेल्या तड्यांचे फोटो ती रिपोर्टांना जोडत होती. कुठलाही फोटो पाहिला की तो कुठे उभं राहून काढलाय ते तिला आपोआप कळायचं. या दुसऱ्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी आली होती. पट्टी नव्हे, प्लास्टिकचं आंब्याचं पान. तिने तुळशीबागेतून आणलेल्या तोरणाचं.

फोटो तिच्याच दारातून काढला होता.

"कुणाला धुराचा त्रास होत असेल," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

आंटी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि उठल्या. "चहा घे तू. दमलीस," म्हणाल्या.

सविताचा नवरा निशिकांत साडेसातला आला. तोवर सविताने स्वयंपाक केला नव्हता. ती जेवणाच्या टेबलाशी तशीच बसून होती.

"आंटींची तक्रार तू केलीस?"

बूट काढता काढता तो थांबला. मग दुसरा बूटही काढला. "शनिवारी गिऱ्हाईकं घर बघायला येणारेत. एजंटच म्हणाला, कॉरिडॉर असा दिसला तर पहिलं इंप्रेशन वाईट पडतं."

"मग त्यांच्याशी बोलायचंस."

"काय बोलणार? त्यांना वाईट वाटलं असतं. असं नाव न देता केलं की कोणाला काही कळत नाही. आणि नियम आहे तो, सविता. मी काही खोटं लिहिलेलं नाही."

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू चोरून त्यांचा फोटो काढलास?"

"हळू बोल."

"का हळू? मंडळाच्या कार्यक्रमात मोठ्याने बोलतोस ना तू? इथली माणसं म्हणजे यंत्रं, हसतात तेसुद्धा कामापुरतं, शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. दर गणपतीत ऐकतेय मी. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट मात्र सांगत नाहीस कधी."

ती गोष्ट अशी. २००४ साली ती दोघं तान्ह्या अदितीला घेऊन भाड्याचं घर शोधत होती. एजंट फोनवर नाव विचारायचे आणि गोड आवाजात सांगायचे, सॉरी सर, मालकाला इंडियन नको. असं सात वेळा झालं. आठवं घर हे चोआ चू कांगचं. मालक लिम आंटींचा भाऊ. तोही नकोच म्हणत होता. कढीपत्त्याचा, फोडणीचा वास भिंतींत बसतो म्हणून. शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आली, तिने सविताच्या कडेवरची तापाने फणफणलेली पोर पाहिली आणि भावाला हॉकियनमध्ये बरंच काही सुनावलं. काय ते सविताला फार नंतर कळलं. "वास मला येणार आहे, तुला नाही. दे किल्ली त्यांना."

पुढे तेच घर त्यांनी विकत घेतलं. अदिती आंटींच्या जमिनीवर रांगली. ही माणसं मांस खात नाहीत म्हटल्यावर आंटींनी त्यांच्यासाठी वेगळी कढई आणली.

"त्या एका बाईचं सोड," निशिकांत म्हणाला. "बाकीच्या सात जणांनी काय केलं?"

"त्या सात जणांवरचा राग तू हिच्यावर काढलास! तुझ्या बाबांच्या श्राद्धाला आपण कठड्यावर घास ठेवतो. कावळा येईपर्यंत ही बाई तिथे उभी राहून कबुतरं हाकलते. तिने केली तुझी तक्रार? नियम तर त्यालाही असेल!"

आतून अदिती आली. "बाबा, यू डिड दॅट? टू आंटी?" रागावली की तिच्या इंग्रजीत शाळेतला इथला 'ला' यायचा. "सो मीन, ला."

"तू अभ्यास कर," निशिकांत म्हणाला. पण तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

सविता उठली आणि तशीच शेजारच्या दारात गेली. आंटी भाजी निवडत होत्या.

"आंटी, तक्रार माझ्या नवऱ्याने केलीय."

आंटींचे हात थांबले नाहीत. "माहितीय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला वाचता येत नाही," आंटी म्हणाल्या. "दिसतं."

फोटोतलं आंब्याचं पान त्यांनीही पाहिलं होतं. मघाशी ही बाई पत्रातला मजकूर जाणून घ्यायला आलीच नव्हती. सविता काय बोलते ते ऐकायला आली होती. आणि सविता म्हणाली होती, कुणाला धुराचा त्रास होत असेल. निशिकांतवर इतका वेळ उसळत असलेला राग फिरून तिच्याच अंगावर आला. त्याने फोटो काढला होता. तिने मात्र तोंडावर खोटं सांगितलं होतं.

"सॉरी, आंटी. मी उद्या ऑफिसला फोन करते. आमची तक्रार मागे घेतो म्हणून सांगते."

"नको. नियम आहे ना? मी काढते."

"मी मदत करते कुंड्यांना."

"नको."

कुंड्या आंटींनी दोन दिवसांत एकट्याने हलवल्या. सविता कामावर असताना. काही घरात नेल्या, काही खाली देऊन टाकल्या. ओळीने ओले गोल डाग तेवढे जमिनीवर राहिले.

शनिवारी रोहन आणि अनघा नावाचं पुण्याचं तरुण जोडपं घर पाहायला आलं. नुकतेच पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालेले. निशिकांतने त्यांना खिडक्या दाखवल्या, वारा दाखवला.

"कॉरिडॉर किती छान मोकळा आहे!" अनघा म्हणाली. मग सविताकडे वळून तिने विचारलं, "काकू, शेजारी कसे आहेत? आम्ही राहतो तिथे कोणी हसतसुद्धा नाही. इथले लोक फ्रेंडली असतात का हो?"

"अगदी फ्रेंडली," निशिकांत म्हणाला. "आपल्या घरच्यासारखे."

सविताच्या हातात पाण्याचा ट्रे होता. तिने तो टेबलावर जरा जोरात ठेवला.

"शेजारच्या आंटी चांगल्या आहेत," ती म्हणाली. "हा कॉरिडॉर मोकळा नव्हता. त्यांच्या कुंड्या होत्या इथे. आम्ही गुपचूप तक्रार करून काढायला लावल्या. तुम्ही घर घेतलंत तर तेवढं करू नका."

रोहन नळ उघडून पाण्याचा जोर बघू लागला. निशिकांतचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता, आणि सविताला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

घर पुढे त्यांनीच घेतलं. कुंड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण त्या शनिवारी, संध्याकाळी, सविता कचरा टाकायला खाली उतरली तेव्हा लिम आंटी लिफ्टमधून बाहेर येत होत्या. हातात चाकांची पिशवी, पिशवीत कागदांची चळत. कागद जाळायची सार्वजनिक लोखंडी कुंडी ब्लॉकच्या पलीकडे होती, मधे चार पायऱ्या. आंटींनी पहिल्या पायरीवर पाय टेकवला आणि कठडा धरून उभ्या राहिल्या.

सविताने पिशवी उचलली. आंटींनी उचलू दिली.

कुंडीशी त्यांना वाकता येत नव्हतं. सविता एकेक गठ्ठा हातात देत गेली आणि आंटी ते आत सोडत गेल्या, पुटपुटत, अंकलशी बोलत. सविताशी नाही. शेवटचा कागद काळा पडून आक्रसेपर्यंत दोघी उभ्या होत्या.

वर आल्यावर दारात आंटींनी पिशवीची मूठ तिच्या हातातून घेतली. मान किंचित लववली. हसल्यासुद्धा.

"थँक यू, मॅडम," त्या म्हणाल्या.

बारा वर्षांत त्यांनी सविताला कधी थँक यू म्हटलं नव्हतं. मॅडम तर त्या परक्यांनाच म्हणत.