मराठी बंद, फोन चालू

आमच्या घरात मराठी बोलायला बंदी आली, आणि तीही मी अंगाखांद्यावर वाढवलेल्या भाच्याच्या तोंडून.

"आत्या, उद्यापासनं भानूशी नुसतं कन्नडातच बोल," प्राणेश म्हणाला. "प्लेस्कूलच्या मिस म्हणाल्या, घरात तीन-तीन भाषा, त्यानं पोर कन्फ्यूज होतंय. म्हणून बोलत नाही म्हणे."

भानू त्याची मुलगी. तीन वर्षं सरली तरी ती कुणाला हाक मारत नव्हती. अप्पा नाही, अम्मा नाही. पाणी हवं असलं की आमचा हात धरून स्वयंपाकघरात ओढत न्यायची. सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला होता, माझ्या तर जास्तच. पण हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

कारण तो हे सांगत होता तेव्हा भानू समोरच जेवत होती. जेवत कसली, फोन बघत होती! फोन तांब्याला टेकवून उभा, त्यात एक निळा ससा किंचाळतोय, आणि तिची आई वेदवती सारू-भाताचा घास तिच्या तोंडात कोंबतेय. घास गोड की तिखट, पोरीला पत्ताही नव्हता.

"आणि हा फोन कुठली भाषा बोलतो रे?" मी विचारलं. "इंग्लिश, हिंदी आणि वर माकडांची. त्याला कुणी गप्प बस म्हटलं?"

"अय्यो आत्या, फोन दिला नाही तर ती जेवतच नाही की," वेदवती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. म्हैसुरात आमची माणसं पिढ्यान् पिढ्या घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलत आली. त्यातलं एकही त्यामुळे मुकं झालं नाही. उलट दटावून गप्प करावी लागतील अशीच फार. आणि आता एका पोरीच्या न बोलण्याचं खापर मराठीच्या डोक्यावर!

मी काही ती बंदी पाळली नाही. भानूला मुलांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, तेव्हा न विचारताच गाडीत जाऊन बसले.

"दिवसभरात किती वेळ फोन बघते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"असेल एखादा तास," प्राणेश म्हणाला.

"खोटं!" मी तिथंच ओरडले. "न्याहारीला फोन, गाडीत फोन, जेवताना फोन, न्हाणीत बादलीवर फोन. झोपते तीसुद्धा त्याला उराशी धरून."

बाई रागावल्या नाहीत. कान तपासून घेऊ म्हणाल्या, पण फोन आजपासून बंद. जेवताना, गाडीत आणि झोपताना तर मुळीच नको. घरात जी भाषा सहज तोंडात येते ती बोला, मुलं दोन-तीन भाषा आरामात उचलतात. मात्र मुलाला उत्तर देणारं माणूस समोर लागतं. "आणि तिच्यासमोर तुमचेही फोन बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. हे शेवटचं प्राणेशनं ऐकलंच नाही. तो नोकरी करतो त्या बेळगोळच्या कारखान्यातून त्याच्या फोनवर काहीतरी आलं होतं.

कान ठणठणीत निघाले. फोन गेला तशी भानूनं घर डोक्यावर घेतलं. ताट भिरकावलं, मला कडकडून चावली. वेदवती स्वतः रडली, पण हटली नाही, एवढं तिचं मी मानते. तिनं आपला फोनही कपाटात टाकला. हळूहळू भानू स्वतःच्या हातानं जेवू लागली, माझ्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. प्राणेशचा फोन मात्र त्याच्या हाताला चिकटलेला तो चिकटलेलाच. ऑफिसचं काम म्हणे.

एका रविवारी आम्ही टी. नरसीपूरला संगमावर गेलो. घाटाच्या पायरीवर भानू बापाला टेकून बसली होती आणि बाप फोनात. समोर एक म्हैस पाण्यात उतरली, खोल गेली आणि दिसेनाशी झाली. भानू ताडकन उठली. बापाची बाही ओढत म्हणाली,

"अप्पा, म्हस बुडली!"

"हूं," प्राणेश म्हणाला.

"मेल्या, ती बोलली!" मी किंचाळले.

त्यानं मान वर केली. डोळे भरून आले त्याचे, खोटं कशाला सांगू. आणि मग त्या शहाण्यानं काय करावं? फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"पुट्टी, छकुले, परत म्हण! काय झालं म्हशीला? म्हण की, सगळ्यांना पाठवूया!"

भानूनं फोनकडे पाहिलं. उघडलेलं तोंड मिटलं. आता यात काय दिसणार म्हणून ती निमूट खाली बसली आणि वाट बघू लागली.

"एकदाच, पुट्टी. एकदाच!"

मी फोनवर आडवा हात धरला.

"तुला सांगत होती रे ती," मी म्हणाले. "तुला."