पोळ्याचं आवतण

कणकेच्या गाढवाचा डावा कान पुन्हा गळून पडला आणि योगेंद्रनं बोटाला पाणी लावून तो पुन्हा चिकटवला – बोटं मशीन फिटरची, केसाएवढा फरक ओळखणारी, पण आज मेली धड चालत नव्हती. दरवर्षी हे गाढव त्याचे वडील, सखारामबाबा, करायचे. यंदा त्यांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला, तेव्हा कणीकही त्याच्याकडे आली आणि नैवेद्यही.

अकोल्याकडच्या त्यांच्या गावात पोळ्याला बैलांच्या जोडीनं गाढवंही रंगायची. ज्याच्या पाठीवर घराची चूल चालते त्याच्या पाया पडायचं, त्याला पुरणपोळी द्यायची, मगच आपण जेवायचं. बाबांनी नदीची रेती वाहिली ती चंद्री गाढवीच्या पाठीवर. योगेंद्रचं आयटीआय झालं तेही, खरं सांगायचं तर, तिच्याच पाठीवर. आता सुरतेत, लिंबायतच्या खोलीत गाढव कुठून आणणार? म्हणून कणकेचं. काल संध्याकाळी बाबांनी डाव्या हातानं त्याच्या पाठीला तूप-हळद चोळली आणि रीतीप्रमाणे म्हणाले, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या... आणि ते ऐकून योगेंद्रनं मान फिरवली.

कारण दोन महिन्यांपूर्वी सुरतेजवळच्या इच्छापोरमधल्या त्याच्या कंपनीनं त्याला चीनला पाठवलं होतं, भरतकामाचं नवं मशीन शिकायला. तिथल्या बाओडिंग शहरात, एका टपरीवर – गोल, पदर सुटलेला खरपूस रोट, मधोमध चिरलेला, आत बारीक कापलेलं मटण, हिरवी मिरची – पहिल्या घासालाच त्याला वाटलं, वा! मग दुभाषा हसत म्हणाला, आमच्यात म्हण आहे, आकाशात ड्रॅगनचं मांस, जमिनीवर गाढवाचं. रोट अजून अर्धा हातात होता. कुणाची जबरदस्ती नव्हती, पोटही भरलेलं होतं... आणि तो उरलेला अर्धा त्यानं चावून चावून, चवीनं खाल्ला. त्यांचं खाणं त्यांना लखलाभ, त्यात वावगं काय? त्यांच्या घरी चंद्री नव्हती. माझ्या घरी होती.

बायकोनं, जयश्रीनं, पुरणपोळीचं ताट आणून ठेवलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते, सकाळपासून उपाशी; नैवेद्य झाल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नव्हते. या हातानं घास द्यायचा कसा? न सांगता दिला तर बाबांचा पोळा बाटला. सांगितलं तर म्हाताऱ्याला वर्षातला हा एक दिवसही उरायचा नाही.

"बाबा, तिकडं मी गाढवाचं मटण खाल्लं."

जयश्री जागच्या जागी थबकली. बाबांनी कणकेच्या गाढवाकडे बघितलं. मग त्यांनी डाव्या हातानं योगेंद्रचं मनगट धरलं.

"परका मुलूख तो. लय भूक लागली असन रे तुले."

जन्मभर पोटाला चिमटा घेतलेला माणूस. त्याला दुसरं कारण सुचणार तरी कुठून? भूक नव्हती, असं सांगायला योगेंद्रनं तोंड उघडलं, पण समोर ते म्हातारे, भरून आलेले डोळे...

"हो बाबा," तो म्हणाला.

बाबांनी त्याचा हात ताटाकडे नेला. दे म्हणाले, वाट पाहून राहिलं ते. त्यानं पोळीचा तुकडा मोडला. सांगून टाकलं की हलकं वाटेल, अशी तो दोन महिने स्वतःची समजूत घालत होता... आता बाबा जेवतील, एवढं त्याला कळत होतं. आपल्या घशाखाली काही उतरेल का, ते मात्र कळेना.