सहाव्या भागाची टेप

‘पोटभाडेकरू’ या जुन्या विनोदी मालिकेचा डीव्हीडी संच निघणार होता. बारापैकी अकरा भाग परदेशी विकलेल्या प्रतींतून सापडले होते. सहावा कुठंच नव्हता. तो म्युरिएल हॅलिवेलच्या कपाटात, जास्तीच्या चादरींखाली होता.

चाळीस वर्षांपूर्वी ती मँचेस्टरच्या टीव्ही स्टुडिओत टेपखोलीत कामाला होती. टेप महाग. कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसायची आणि पुन्हा वापरायला द्यायची, हेच तिचं काम. ‘पोटभाडेकरू’ तिनंच रात्रंदिवस खपून लिहिली आणि स्वतःच्याच हातानं पुसली. पडद्यावर लेखक म्हणून नाव मात्र नायकाचं, सिरिल ट्रँटरचं. तिनं जाब विचारला तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, “अगं बाई, टेपा पुसता पुसता डोकंही पुसलं गेलं का तुझं?”

सगळे खो-खो हसले. त्या दिवशी तिनं चहातली साखर सोडली, आणि सहावी टेप पुसल्याचं सांगून पिशवीतून घरी नेली.

रोज सकाळी ती गुडघे टेकून प्रार्थना म्हणे. ‘आम्ही जशी इतरांना क्षमा करतो’ ही ओळ आली की तिचे ओठ मिटत. देवाशी खोटं कशाला बोलायचं?

संचाची बातमी आली तेव्हा ऐंशी वर्षांच्या सिरिलची मुलाखतही छापून आली. “निर्मात्यांनी जन्मभर मला कापलं. या संचात माझा एक क्षणही कापायचा नाही, तसं लिहून घेतलंय मी.”

म्युरिएलनं चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली आणि कंपनीला फोन लावला. टेप फुकट देईन म्हणाली, अट एकच. भाग बघता बघता सिरिल त्यावर बोलेल, त्याचं रेकॉर्डिंग होईल, तेव्हा शेजारी मी बसेन.

लंडनच्या त्या छोट्या खोलीत सिरिल आला तो हात पसरूनच. “म्युरिएल! अजून आहेस होय तू?”

“आहे की. तुमच्याचसाठी थांबले होते, ट्रँटरसाहेब.”

“जुनं काही मनात नाही ना?”

“बसा. सुरू होतंय.”

टेप कच्ची होती, प्रेक्षकांसमोर झालेलं चित्रण जसंच्या तसं. सिरिल माइकवर रंगात आला. “हा विनोद मला बसमध्ये सुचला हं.” आणि नवव्या मिनिटाला पडद्यावरचा चाळिशीतला सिरिल अडखळला. कॅमेऱ्याच्या मागं बघत ओरडला, “म्युरिएल, पुढं काय गं? तू लिहिलंयस, मला कसं आठवणार?”

प्रेक्षक हसले. खोलीत कुणीच हसलं नाही.

“एवढं काढून टाका,” सिरिल पुटपुटला.

रेकॉर्डिंग करणारा गेरेंट काचेपलीकडून म्हणाला, “कागदावर सही तुमचीच आहे, साहेब. आणि आत्ता बोललात तेही रेकॉर्ड झालं.”

म्युरिएलनं माइक हलकेच स्वतःकडे ओढला. “राहू दे, सिरिल. पुढचं वाक्य तेव्हाही मीच सांगितलं होतं.” आणि तिनं ते सांगितलं, एक शब्दही न चुकता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत त्या ओळीला तिचे ओठ मिटलेलेच राहिले. मग तिनं चहा केला आणि त्यात दोन चमचे साखर घातली.