माळावरची पेठ

बाणूबाईनं मेंढरं माळावर चढवली तेव्हा चार परके गडी तिथं खुंट्या ठोकत होते. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. पुढची मेंढी रेघेपाशी थबकली, वास घेतला आणि शिंकली.

"कुनाचं लगीन हाय रं?" बाणूबाईनं विचारलं. "मांडव घालायलाव व्हय?"

"मांडव न्हाई मावशी, घरं. जहागीरदारसाहेबांची नवी पेठ उठनार हाय हितं. मेंढरं खाली घे."

माळसांगवी हे औरादजवळचं जहागिरीचं गाव. जहागीरदार हैद्राबादेत राहायचे. गावानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाव ओळखायचं ते त्यांच्या कारभाऱ्याला, श्रीपतरावाला. बीदरला आगगाडी आल्यापासून श्रीपतरावाच्या डोक्यात एकच घोळत होतं. गावाला लागून पेठ वसवायची, व्यापारी आणायचे, शहरातल्या पेन्शनरांना हवेशीर घरं बांधून द्यायची. माळ तर रिकामाच पडलाय. रिकामा म्हणजे, त्याच्यावर धनगरांची दहा-बारा घरं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारत होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी चावडीत गाव जमलं. धनगर बाहेर लिंबाखाली उभे राहिले. श्रीपतरावानं कागद उलगडला. कौलारू घरांच्या ओळी, मधून रस्ता, कोपऱ्यावर दुकानं. "आता औरादच्या बाजाराला बैल दमवत जायचं कारण नाही," तो म्हणाला. "बाजारच तुमच्या दारात येतोय." शेतकरी माना डोलवत होते. तूर दारात विकली जाणार म्हटल्यावर कुणाला नको होतं?

बाणूबाई लिंबाखालून पुढं झाली. नवरा गुंडाप्पा तिचा पदर ओढत होता, तो तिनं हिसडून घेतला.

"आन आमची मेंढरं काय कौलं खातील?"

श्रीपतरावानं मान वर केली नाही. "मुलखात माळ काय कमी आहेत? दुसरीकडं जा."

"कुठं? दुसरा माळ दुसऱ्या गावाचा. तिथलं गाव काठ्या घिऊन उठंल." तिनं उद्धवराव पाटलाकडं पाहिलं. दरवर्षी भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. "अण्णा, तुमी तरी बोला की."

उद्धवराव पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत राहिला.

"पाटील काय बोलणार?" श्रीपतराव हसला. "पहिली संमती त्यांचीच. कोपऱ्यावरचं दुकानही त्यांचंच."

बाणूबाई पाटलापुढं जाऊन उभी राहिली. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की हाच उद्धवराव तिच्या दारात यायचा. मेंढरं रातची शेतात बसवायची, लेंड्यांचं खत जमिनीत मुरायचं, बदल्यात धनगराच्या घरी ज्वारी यायची. पाटलाच्या तुरीचं तालुक्यात नाव होतं ते त्या खतावर. आजवर ती त्याला कधी अरेतुरे बोलली नव्हती.

"लेंड्या गोड लागल्या तवा माळ कुनाचा ते इचारलं न्हाईस तू, अण्णा," ती म्हणाली. "मग आता ऐक. औंदा एक मेंढरू कुनाच्या रानात बसनार न्हाई. कारभाऱ्याचा कागद पेर, कागद उगवंल."

त्या उन्हाळ्यात धनगरांनी खरंच कुणाच्या शेतात मेंढरं बसवली नाहीत. ज्वारी आली नाही. घरात भाकरी अर्धी झाली. गुंडाप्पा कुरकुरला, "आपनच उपाशी मरायलाव की गं." बाणूबाई म्हणाली, "मरू. पन त्यांच्या रानाला खाऊ घालून मरनार न्हाई."

उद्धवरावाची बायको राजूबाई एका दुपारी पदराखाली सुपात ज्वारी घेऊन आली. बाणूबाईनं सूप उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावलं.

"माझ्यावर कामून राग गं?" राजूबाईचे डोळे भरले. "मला इचारून अंगठा दिला का त्यांनी?"

"तुला इचारलं न्हाई, मला इचारलं न्हाई. मग तू गप कामून बसलीस, अक्का?"

राजूबाईनं सूप उचललं आणि गेली.

मिरगाच्या तोंडावर श्रीपतरावाचा हुकूम सुटला. पायाभरणीला शहरातून पाहुणे येणार. प्रत्येक घरानं गाडी-बैल द्यायचे, नदीचे दगड आणायचे, बायकांनी चुना मळायच्या घाणीला पाणी वाहायचं. वेठ. मजुरी नाही. इकडं पेरणीआधी रानाला पाळ्या घालायच्या राहिलेल्या, आणि बैल मात्र पेठेचे दगड ओढणार. आता शेतकरी चावडीच्या मागं जमून दात-ओठ खाऊ लागले. पण श्रीपतरावाचा शिपाई आला की गाड्या जुंपायचे. बाणूबाई बांधावर उभी राहून ते पाहायची आणि तिला त्यांची कीव यायची नाही, संतापच यायचा.

पायाभरणीच्या सकाळी माळावर कनात लागली होती. गालिचा, खुर्च्या, सनई. पाहुणे मोटारीतून उतरत होते. तेवढ्यात धुरळा उठला. बाणूबाई पुढं, मागं सगळ्या धनगरवाड्याची मेंढरं. चुन्याच्या रेघा पुसल्या गेल्या, खुंट्या उपटल्या गेल्या, कनातीचा एक खांब कलला. मेंढरं गालिच्यावर चढली आणि तिथंच लेंड्या टाकू लागली.

"घरं बांधायलाव न्हवं?" बाणूबाई ओरडली. "ही बगा, आमचीबी बिऱ्हाडं आली!"

शिपाई काठ्या घेऊन धावले. गुंडाप्पा, आयुष्यात कुणाला उलटून न बोललेला, बायकोच्या आडवा झाला आणि काठी त्याच्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज बाणूबाईनं ऐकला. मेंढरं हाकून चावडीशेजारच्या कोंडवाड्यात घातली, दाराला कुलूप पडलं. किल्ली पाटलाच्या कमरेला.

ऊन माथ्यावर आलं. कोंडवाड्यात ना सावली ना पाण्याचा थेंब. मेंढरांच्या ओरडण्यानं गाव भरून गेलं. बाणूबाईनं कुंपणातून हात घालून एका कोकराचं तोंड ओलं करायचा प्रयत्न केला. शिपायानं तिचा हात काठीनं मागं ढकलला. कोकरानं तिच्यासमोर मान टाकली.

तेव्हा राजूबाई घरातून निघाली. डोक्यावर घागर होती. मागून शेतकऱ्यांच्या बायका निघाल्या, चुन्याला पाणी वाहायच्या त्याच घागरी घेऊन. भर चावडीत ती नवऱ्यापुढं उभी राहिली.

"किल्ली द्या."

"कारभाऱ्याचा हुकूम हाय," उद्धवराव पुटपुटला. "पाटीलकी जाईल माझी."

"जाऊ द्या. न्हाई तर ऱ्हाऊ द्या किल्ली." ती वळली, आणि कोंडवाड्याच्या बोराटीच्या कुंपणात तिनं उघडा हात घातला. काट्यांनी दंड फाटला. मागोमाग सगळ्या बायका तुटून पडल्या. शिपायानं काठी उगारली, पण समोर पाटलीण पाहून ती खाली कुणावर आणावी ते त्याला सुधरेना. कुंपण आडवं झालं. मेंढरं घागरींवर तुटून पडली.

बाणूबाईनं मेलेलं कोकरू उचललं आणि चावडीच्या ओट्यावर, उद्धवरावाच्या पायाशी ठेवलं.

"हे घे. तुझ्या दुकानाची पैली भवानी."

उद्धवरावानं खाली वाकून कोकराला हात लावला. मग उठला. तो माळावर गेला, दगडांनी भरलेल्या पहिल्या गाडीपाशी थांबला आणि स्वतःच्या हातानं बैल सोडले. "घरला घिऊन जावा रं बैलं," तो गाडीवानांना म्हणाला. "पाळ्या घालायच्या राहिल्यात." एकेक गाडी बैलांविना उभी राहू लागली. श्रीपतराव तोंडाला येईल ते बोलत होता. पाहुणे मोटारीत जाऊन बसले होते.

शिपाई आणून दमदाटी झाली. दोघा धनगरांना औरादला नेऊन डांबलं, पुढं सोडलं. पण गावातून गाडी निघेना, बाई चुन्याला पाणी वाहीना. बाहेरचे गवंडी पहिल्या पावसात निघून गेले. दिवाळीनंतर कळलं की पेठ आगगाडीच्या जवळ दुसऱ्या गावात होणार. त्या गावातल्या धनगरांचं काय झालं असेल, हा विचार बाणूबाईला अधूनमधून यायचा आणि पुन्हा तिचं डोकं फिरायचं. उद्धवरावाची पाटीलकी गेली. गुंडाप्पाचा हात वाकडाच जुळला.

पुढच्या उन्हाळ्यात उद्धवराव तिच्या दारात आला. डोक्याचं मुंडासं हातात घेऊन. "बाणू, रान भुकेलंय," एवढंच म्हणाला.

"रान अक्काचं मनून मेंढरं बसवते," बाणूबाई गुंडाप्पाला म्हणाली, उद्धवरावाकडं न पाहता. "ज्वारी अक्कानं आनून द्यावी. दुसऱ्या कुनी आनली तर घेनार न्हाई."

तो गेल्यावर गुंडाप्पा म्हणाला, "बैलं त्यानंच सोडली की गं. आता तरी सोड."

"बैलं सोडली, मनून रानात मेंढरं बसतील," ती म्हणाली. "राग माझा हाय. तो मी कुनाला इचारून सोडनार न्हाई." आणि नवऱ्याच्या वाकड्या कोपराला ती तेल चोळत बसली, जरा जास्तच जोरात.