दुधाचे दोन लेक

त्या उन्हाळ्यात आमच्या दरीत नक्की कोण कुणावर पाळत ठेवून होतं, हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. विचारलं की बाप्ये डोंगराकडे बघतात. म्हणून मला समजलं तेवढंच सांगते, आणि समजलं म्हणजे तरी काय, डोंबल.

मी छपरावर जर्दाळू वाळत घालत होते. आमच्या गावचा अरबाब, म्हणजे मुखिया, तैघून शिडी चढून वर आला आणि न विचारता एक जर्दाळू तोंडात टाकून म्हणाला, "माहपरी, नियतशाहला किल्ल्यात डांबलंय."

नियतशाह माझा नवरा. खिंडीपलीकडून परक्यांची ओझी आणायची, हे त्याचं काम.

"काय केलं त्यानं?"

"हेराचं सामान आणलं. मीर खवळलाय. परवापर्यंत हेर हजर कर, नाहीतर नवऱ्याला पलीकडच्या बाजारात गुलाम म्हणून विकणार."

"कुठला हेर? दिसतो कसा?"

"ते ठाऊक असतं तर तुझ्या दारात आलो असतो होय? फिरंग्यांचा असेल, नाहीतर रूसचा. कुणाचाही असो, तू आण."

आमचा मीर, म्हणजे दरीचा राजा, दरीतल्या माणसाचं रक्त सांडत नाही, हे खरं. पण विकतो. विकलेलं माणूस परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

खाली उतरले आणि शेळीचं दूध काढत बसले, कारण शेळीला काय त्याचं. तेवढ्यात एक माणूस अंगणात आला. लोकरीचा झगा, डोक्यावर आमच्यासारखी टोपी, डोळे मात्र निळे. आपण घोड्यांचा व्यापारी युसुफ, असं म्हणाला. घोडा मात्र एकही नव्हता. मी काही विचारायच्या आत त्यानं माझ्या झग्याचा काठ धरला आणि म्हणाला, "आई, दूध दे."

आमच्यात हे कुणी उगीच म्हणत नाही. बाईच्या हातात दूध असताना परक्यानं काठ धरून आई म्हटलं, की तिनं वाटी छातीला लावून त्याला द्यायची. तो प्यायला की तिचा लेक. त्याला धक्का लावणं म्हणजे दरीतल्या माणसाला धक्का लावणं. मीरसुद्धा त्याला फार तर हद्दीबाहेर घालवू शकतो. मात्र मीरपुढे तिच्या नवऱ्यानं त्याला लेक म्हणायला हवं. या युसुफला हे कुणी शिकवलं, देव जाणे. मला मूलबाळ नाही. गावात मला वांझ म्हणायचे, तोंडावर नाही इतकंच. त्यामुळे तो शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप छातीशी गेला.

त्यानं वाटी खाली ठेवली नाही तोच दुसरा आला. गव्हाळ, तोंडात आमची बोली माझ्याहून सफाईदार. आपण मुल्कअमान वैद्य, असं त्यानं सांगितलं. पहिल्याला बघून तो थबकला, वाटी बघितली, आणि सरळ येऊन काठाला दुसरीकडून हात घातला. "आई, मलाही."

"अरे, ही काय पाणपोई आहे?" मी म्हटलं. पण द्यावंच लागलं.

मग सुरू झाला गोंधळ. युसुफ मला चुलीपाशी गाठून म्हणाला, "आई, तो वैद्य फिरंग्यांचा माणूस आहे." वैद्य गोठ्यात गाठून म्हणाला, "आई, तो युसुफ रूसचा." युसुफ उकळत्या चहात काचेची कांडी बुडवून डोंगराची उंची काढायचा आणि चहा तसाच टाकून द्यायचा. वैद्य पाऱ्याच्या ताटलीत सूर्य बघायचा. पाऱ्यात सूर्य बघून पोटदुखी जाते का, असं विचारलं तर हसला. जेवायला मात्र दोघं एकाच ताटात. एकदा तर परक्या भाषेत काहीतरी बोलून दोघंही पोट धरून हसले. मी जळफळले. हे शत्रू आहेत की व्याही?

दुसऱ्या दिवशी तैघून पुन्हा आला. "मीरला रूसवाला हवाय. फिरंग्यांनी बंदुका पाठवल्यात."

दुपारी तोच परत, धापा टाकत. "फिरंगीवाला हवाय. बंदुका उडत नाहीत."

"एकदा काय ते ठरवा की."

"मीरलाच ठरवता येईना, मी कोण? कुणीतरी एक आण, बाई. नाहीतर उद्या नियतला नेतील."

मी त्याला अंगणातले दोघं दाखवले, दूध प्याल्याचं सांगितलं. म्हटलं, "नियतच्या कानावर घाल. विसरू नकोस." त्यानं मान हलवली. तैघूनची मान काय, वाऱ्यानंही हलते. पण मला तेव्हा तिचा आधार वाटला.

मग मी दोघांना समोर बसवलं. "माझं दूध प्यालात. तुमचा बाप किल्ल्यात आहे. एकानं जायचं आणि म्हणायचं, मी त्याचा लेक, त्याला सोडा. बाप हो म्हणाला की तुम्हाला कुणी मारणार नाही, खिंडीपार हाकलतील. तिकडेच तर जायचंय ना तुम्हाला?"

वैद्यानं विचारलं, "आणि तो हो म्हणेल?"

"स्वतःच्या लेकाला कोण नाही म्हणतं?" मी म्हटलं.

सकाळी उठले तर दोन्ही अंथरुणं रिकामी. झगे, टोप्या, काचेची कांडी, ताटली, काही उरलं नव्हतं. दोघंही पळाले असं समजून मी चुलीपुढे बसून रडले. दोघांना आणि मीरला, जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या घातल्या.

आणि दुपारी नियतशाह चालत दारात आला.

मी त्याला रोटी दिली, तो अधाशासारखा खात राहिला. खाता खाता बोलला. "अगं, एक वेडा आला होता किल्ल्यावर. म्हणाला, मी या माणसाचा लेक, बापाला सोडा. त्यांनी आधी त्याला बडवला. मग मीरनं मला विचारलं, हा तुझा लेक का? मला वाटलं, मला अडकवायचा डाव आहे. हेराचा बाप म्हटलं तर मला नक्की विकतील. मी म्हटलं, मला मूल नाही, सगळ्या दरीला ठाऊक आहे. मग त्यांनी त्याला तटावरून खाली नदीत लोटलं. आणि मला म्हणाले, जा घरी."

"तैघूननं तुला काही सांगितलं नाही?"

"तैघून? तो बंदुका मोजत होता."

"डोळे कसे होते त्याचे? निळे?"

"सुजून मिटले होते. तोंडाचा पार लगदा झाला होता. का गं?"

"बोलला काही?"

"मी नाही म्हटल्यावर? नाही. माझ्याकडे तोंड करून उभा राहिला."

मी उठले, भिंतीशी बसले आणि वेण्या सोडायला लागले. आमच्यात पोटचं मूल गेलं की आई वेण्या सोडते. नियतशाहचा घास हातातच राहिला.

"कोण गेलं?"

"तुझा लेक."

"कुठला लेक?"

"ते मलाही ठाऊक नाही," मी म्हटलं, आणि ते दोघं दूध प्याले ती सगळी हकीकत त्याला सांगितली. शेवटी त्यानं डोक्यावरची टोपी काढली, जमिनीवर ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला.