खिशातली अठरा पानं

मी एक फाईल बोलतेय. निळी, जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी, तोंडाला रबराची दोरी आणि पोटात एक आतला खिसा. खिशाचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भानगड त्या खिशातच झाली. कागद बोलतात असं लोक म्हणतात. साफ खोटं! कागद नुसते पडून असतात. बोलण्यासारखं सगळं आम्हा फायलींच्या पोटात असतं, आणि आम्हाला कोणी विचारत नाही.

माझा जन्म एका बाइंडरच्या टेबलावर झाला. आम्ही बारा बहिणी. अकरा जणी कचेऱ्यांत गेल्या आणि बहुधा तिथेच धूळ खात असतील. मला मात्र एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी उचललं आणि माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली, 'न नेलेले फोटो'. म्हणजे हौसेने काढून घेतलेले, पण नंतर गिऱ्हाईक फिरकलंच नाही असे. माझ्या पोटात तेव्हा एक पैलवान होता, तीन पालथी बाळं होती आणि एक नवं जोडपं होतं. ते जोडपं फोटो काढून घराकडे जाता जाताच भांडलं असावं, कारण दोघांपैकी कोणीच फोटो न्यायला आलं नाही.

मालकांना त्यांची लेक 'बाबा' म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबांचा हात होता रिटचिंगमध्ये. गालावरचा मुरूम, कपाळावरची आठी, हनुवटीवरचा व्रण, सगळं बारीक ब्रशने असं घालवायचे की सख्ख्या आईनेही दोनदा बघावं. "माणूस नीटनेटका दिसला पाहिजे," असं ते म्हणायचे. "तो खरा कसा आहे, ते घरच्यांना माहीत असतंच की." हे वाक्य लक्षात ठेवा. या वाक्याने पुढे आमचे कितीतरी महिने खाल्ले.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बंद झाला. मी कपाटावर गेले. सात वर्षं माझ्या छातीवर बिघडलेल्या मिक्सरचं खोकं होतं. त्याच काळात बाबांची बायको वारली, घरात दोघंच उरली, बाबा आणि लेक. वरून मी सगळं बघत होते. लेक दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. ती कामावर निघताना बाबांचा डबा भरून, डोळ्यांच्या थेंबांची बाटली टेबलावर ठेवून, तिच्याखाली चिठ्ठी ठेवून जायची. बाबा चिठ्ठी वाचायचे आणि थेंब विसरायचे.

एक दिवस खोकं हललं, मी खाली आले, ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं गेलं. लेकीचं लग्न झालं होतं! नवरा परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचा. नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, दोघं एकोणीस दिवस एकत्र राहिली, आणि रजा संपली म्हणून जावईबापू परत गेले. आता लेकीने तिकडे जायचं तर बायको म्हणून व्हिसा हवा. पैलवान आणि बाळं एका पिशवीत गेली आणि माझ्या कपाळावर नवी चिठ्ठी आली, 'लेकीचा व्हिसा'. या वयात मला बढती मिळाली होती, मी खूश होते.

काय काय भरलं माझ्यात! लग्नाचा दाखला, दाखल्याचं भाषांतर, भाषांतर खरं असल्याचं पत्र. जन्माचा दाखला. पोलिसांचा दाखला, की ही बाई गुन्हेगार नाही. डॉक्टरांचा दाखला, की हिची छाती साफ आहे. माणूस जिवंत समोर उभा असताना तो जन्मला होता याचा पुरावा मागायचा, हे फक्त माणसांनाच सुचतं.

पहिला घोटाळा फोटोचा. कोरा चेहरा, हसायचं नाही, असा नियम. फोटो बाबांनीच घरी काढला आणि कित्येक वर्षांनी त्यांच्या हाताला काम मिळालं. लेकीच्या वरच्या ओठापाशी तीळ आहे. बाबांनी तो इतक्या प्रेमाने काढून टाकला की काय सांगू! सात आठवड्यांनी अख्खा अर्ज परत आला. पासपोर्टमध्ये तीळ आहे, फोटोत तीळ नाही, तर ही बाई कोण?

"बाबा, माझा तीळ कुठे गेला?"

"अगं, जरा स्वच्छ केलं."

"तो मळ आहे का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबा दोन दिवस तिच्या नजरेला नजर देईनात. तीळ परत आला, अर्ज परत गेला. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. इथे तर सरकारं दोन होती! लेक रोज सकाळी तोंडात ब्रश ठेवून फोनवर अर्जाची स्थिती बघायची. 'अर्ज प्रक्रियेत आहे.' दुसऱ्या दिवशीही तेच. मधल्या मधे पोलिसांचा दाखला शिळा झाला, तो नवा काढला. डॉक्टरांचा शिळा झाला, छाती पुन्हा तपासली. छाती साफच होती, पण आत काय चाललंय ते यंत्रात दिसत नाही.

चार महिन्यांनी पत्र आलं. तुम्ही दोघं खरोखरचे नवरा-बायको आहात, याचा पुरावा द्या. फोनवरची बोलणी चालतील.

लेकीने दोघांचे सगळे मेसेज छापून आणले. दोनशे सहा पानं! माझी पाठ दुखायला लागली. "बाबा, मला लॅबमध्ये घाई आहे. हे तारखेप्रमाणे लावा, भाषांतराला द्या आणि स्कॅन करून अर्जावर चढवा," असं सांगून ती गेली. बाबांनी भिंग काढलं. पहिल्या दहा पानांवर ते हसले. अकराव्या पानावर त्यांची भुवई चढली. तिथे लेकीने नवऱ्याला गाढव म्हटलं होतं.

"व्हिसाचे साहेब काय म्हणतील?" बाबा स्वतःशीच पुटपुटले. आणि त्यांनी ते पान काढून माझ्या आतल्या खिशात सरकवलं.

मग त्यांचा हात थांबेचना. फोनवर बोलता बोलता जावईबापू घोरायला लागले त्याचं भांडण, खिशात. सासूबाईंसमोर बाजू न घेतल्याचं भांडण, खिशात. 'मला फोन करू नकोस' आणि त्याखाली वीस मिनिटांनी 'फोन का नाही केलास', तेही खिशात. चेहऱ्यावरचे मुरूम काढावेत तसा बाबांनी लेकीचा संसार साफ केला. एकूण अठरा पानं.

शेवटचं पान मात्र त्यांनी भिंग पुसून दोनदा वाचलं. लेकीने लिहिलं होतं, 'तूच इकडे ये. बाबांना एकटं टाकून मी कशी येऊ? त्यांना कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजता येत नाहीत.' त्यावर जावयाचं उत्तर होतं, 'मग लग्न कशाला केलंस?' आणि त्यापुढे चार दिवस दोघांचा एकही शब्द नव्हता.

बाबांनी ते पान घडी घालून खिशाच्या अगदी तळाशी ठेवलं. मी पोटात ठेवलं. ठेवणारच, फाईल आहे मी.

उरलेली पानं घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकान एका काकूंचं. त्या मशीन चालवतात आणि येईल तो कागद वाचतात, कोणाची भीडभाड नाही. पंचवीसेक पानं झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"भाऊ, हे नवरा-बायको आहेत की शेजारी?"

"का हो?"

"'जेवलीस का? हो, तू? जेवलो.' पान उलटा, परत तेच. घरोघरी मातीच्या चुली असतात, भाऊ. यांच्याकडे चूलच दिसत नाही."

"आमची मुलगी शांत आहे," बाबा म्हणाले. हसू दाबताना माझा रबर तुटायचाच बाकी होता.

त्या दिवसापासून घरात एक नवल सुरू झालं. बाबा स्वयंपाक करू लागले. पहिल्या आठवड्यात डाळ करपली, दुसऱ्यात भात. मग ते कुकरपाशी स्टूल टाकून बसायचे आणि बोटांवर शिट्ट्या मोजायचे. स्वतःचे थेंब स्वतः घालायचे, निम्मे गालावर. लेक म्हणायची, "हे काय नवीन खूळ?" बाबा म्हणायचे, "वेळ जात नाही गं." ताकास तूर लागू दिली नाही. कारण फक्त मला माहीत होतं.

पुन्हा पाच महिने भिजत घोंगडं. लेक वाळत चालली. लॅबमध्ये तिने एका गिऱ्हाइकाची वरची कवळी दुसऱ्याच्या खालच्या कवळीसोबत पाठवून दिली, तेव्हा घरी बसून रडली. 'प्रक्रियेत आहे' बघायचंही तिने सोडून दिलं.

आणि मग पत्र आलं. लेक कामावरून आली होती, हाताला प्लास्टरची पांढरी पूड तशीच होती. तिने ते मोठ्याने वाचलं. या संवादातल्या तारखांमध्ये खंड आहे. पानं वगळलेली दिसतात. नातं खरं आहे याबद्दल आमची खात्री झालेली नाही. तीस दिवसांत संपूर्ण संवाद पाठवा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.

"वगळली? बाबा, पानं कोणी वगळली? मी तर सगळी दिली होती!"

बाबांनी मला पुढे ओढलं. खिशात हात घातला. अठरा पानं टेबलावर आली. मला हलकं वाटलं आणि लाजही वाटली.

"वाईट दिसत होतं गं," बाबा म्हणाले. "भांडणं. शिव्या. परक्या माणसाने वाचायचं ते."

"पाच महिने, बाबा! आधीचे फोटोचे वेगळे! तीळ पुसलात, आता नवराच पुसताय माझा?"

असं ती बाबांवर कधी ओरडली नव्हती. बाबांनी पानांच्या कडा जुळवून गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. ती एकेक पान उलटत गेली. घोरण्याच्या भांडणाशी तिला रागातही हसू फुटलं. आणि मग ते तळाचं, घडीचं पान आलं. तिने घडी उलगडली आणि ते वाचलं.

"हे तुम्ही वाचलंत?"

"हो."

"म्हणून कुकर?"

"तीन शिट्ट्या डाळीला, दोन भाताला," बाबा म्हणाले. "मोजता येतात मला आता. तू जा."

लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पांढऱ्या हातांनी त्यांचा सदरा खराब केला. मलाही भरून आलं. पण फाईलने ओलं व्हायचं नसतं, आतले शिक्के पसरतात.

दुसऱ्या दिवशी अठराही पानं भाषांतराला गेली. भाषांतरकाराने अकरा ठिकाणचं 'गाढव' प्रामाणिकपणे परक्या भाषेत नेलं आणि प्रत्येक पानावर गोल शिक्का मारला. झेरॉक्सच्या काकूंनी सगळी पानं उभ्याने वाचली आणि म्हणाल्या, "आता कसं! आता वाटतंय लग्न झालंय." सोबत बाबांनी आपल्या हाताने एक पत्र लिहिलं. ते मला पाठ आहे.

'मी अर्जदार मुलीचा बाप. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे साफ केले, त्याच सवयीने ही पानं काढली. चूक माझी आहे, मुलांची नाही. ही दोघं मनापासून भांडतात आणि भांडून पुन्हा बोलतात, याचा मी साक्षीदार आहे.'

सात आठवड्यांनी व्हिसा आला.

ज्या दिवशी लेक निघाली, त्या दिवशी माझा मोठा अपमान झाला. तिने माझ्यातले सगळे कागद काढले आणि एका पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कालच्या पोरीत भरले. 'तपासायला सोपं जातं' म्हणे. दीड वर्ष ओझं वाहिलं मी आणि विमानात बसली ती! पण लेक दारातून परत आली, मला टेबलावर सरळ ठेवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि थेंबांच्या बाटलीखाली चिठ्ठी ठेवून गेली. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि थेंब घातले. दोन्ही डोळ्यांत, न सांडता. नंतर डोळे पुसले ते थेंबांमुळे नव्हे.

मला वाटलं, आता पुन्हा कपाट आणि मिक्सरचं खोकं. पण गेल्या आठवड्यात बाबांनी माझी जुनी चिठ्ठी सोलून काढली आणि नवी लावली. 'माझा व्हिसा. लेकीला भेटायला.'

फोटोही काढला स्वतःचा. डोळ्यांखाली पिशव्या, गालावर डाग, डावी भुवई अर्धी पांढरी. बाबांनी ब्रश उचलला. त्यांनी थोडा वेळ फोटोकडे बघितलं आणि ब्रश परत पेल्यात ठेवला. मग नात्याचा पुरावा म्हणून बाप-लेकीचे मेसेज छापून आणले. पहिल्याच पानावर लेक लिहिते, 'बाबा, थेंब घातले का? खोटं बोलू नका.' त्याखाली बाबांचं उत्तर, 'घातले.' त्याखाली, 'फोटो पाठवा.' आणि पुढे दोन दिवस बाबांचा रुसवा. एकही पान त्यांनी काढलं नाही.

तेव्हा साहेब, तिकडे दूर कुठे तरी माझ्या पोटातले कागद तुमच्या टेबलावर येतील, तेव्हा या जुन्या फाईलची एकच विनंती आहे. तारखा मोजा, शिक्के बघा, हवं तर छातीही तपासा. पण फार वेळ लावू नका. बाबांचं वय झालंय, आणि रोज संध्याकाळी ते सवयीने दोघांपुरता भात लावतात. माझा आतला खिसा या वेळी रिकामा आहे. खुशाल हात घालून बघा.