पाच मोजेपर्यंत

आतून पार्वतीबाई खोकल्या, आणि कडी वाजवायला उचललेला कुसुमताईंचा हात तसाच राहिला.

पार्वतीबाईंना जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते.

"अकरा वाजले वं रोशनी," आतला आवाज म्हणाला. "ऊठ. भांडे मोरीत ने."

आवाजामागे यंत्रमागाची खटखट होती. कुसुमताईंनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. टांडापेठेतल्या या गल्लीतला शेवटचा माग जानेवारीत भंगारात गेला होता. एप्रिलच्या उन्हात सगळी दारं लावलेली होती आणि कुठेही काहीही वाजत नव्हतं. फक्त या दारामागे माग चालू होता.

मग आवाज थांबला. माग चालूच राहिला आणि त्यात कोणाचातरी श्वास ऐकू येऊ लागला. पाच श्वास.

"शाब्बास. आता घासणी घे."

"जा न ताई आत," शेजारच्या ओट्यावर चिंचा फोडत बसलेल्या गोदूबाई म्हणाल्या. "भूत नाही, मोबाइल आहे. मेली तरी पोरीले कामाले लावून राहिली. जित्ती होती तवा मलेही सोडत नव्हती."

आत रोशनी मोरीपाशी उकिडवी बसून भांडी घासत होती. तेहेतीस वर्षांची, अंगाने आईसारखी रुंद, केसांना तेल, वेणी घट्ट. तिला चार शब्द येत: पाणी, नको, माय, गाडी. कुसुमताई अकरा वर्षं या घरी येत होत्या आणि त्यात पाचवा शब्द पडलेला नव्हता. खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीत फोन होता. रोशनी पिशवीकडे बघत नव्हती. पण प्रत्येक वाक्याआधी खोकला यायचा, आणि वाक्य येण्यापूर्वी, खोकल्यालाच, तिचा हात पुढच्या वस्तूकडे निघालेला असायचा.

गोदूबाईंच्या सुनेने, मयुरीने, पार्वतीबाई आजारी असताना हे करून दिलं होतं. दिवसाचे सोळा गजर, घंटीच्या जागी आईचा आवाज. उठणं, दात, आंघोळ, सोमवार ते शुक्रवार कार्यशाळेची गाडी, भांडी, चहा, दिवा, झोप. आज रविवार, म्हणून रोशनी घरी होती.

ही सगळी पद्धत आपणच शिकवलेली आहे, हे कुसुमताईंच्या ऐकताक्षणीच लक्षात आलं. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून प्रयोगशाळेत नोकरी न मिळाल्यामुळे त्या या कामात आल्या, त्याला आता बावीस वर्षं होत होती. एकोणीस घरं, एक स्कूटी, प्रत्येक घराची एक फाइल. मतिमंद मुलांच्या आयांना त्या एकच गोष्ट शिकवत. कामाचे तुकडे करा. एका वेळी एक तुकडा सांगा. सांगून झालं की मनात पाच मोजा, लगेच हाताला धरू नका. फाइलमध्ये प्रत्येक तुकड्यापुढे एक अक्षर लिहायचं: स्वतः केलं तर 'स्व', सांगितल्यावर केलं तर 'सू', हात धरून करून घेतलं तर 'हा'. लॉकडाउनमध्ये घरोघर जाता येईना तेव्हा त्यांनी आपल्या आवाजात हे तुकडे रेकॉर्ड करून आयांना पाठवले होते. पार्वतीबाई रेकॉर्ड करायला तिथूनच शिकल्या.

पण शेवटची पायरी निराळी असते. सूचना हळूहळू कमी करत जायच्या, म्हणजे सांगणारा माणूस नसला तरी काम होतं. नोव्हेंबरच्या भेटीत कुसुमताईंनी विचारलं होतं, "कमी करताय ना?" पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, "करून राहिली न ताई." पाठ टेकून, डोळे मिटून म्हणाल्या होत्या. कुसुमताईंनी तपासलं नाही. फाइलमध्ये लिहिलं, 'सूचना कमी होत आहेत.' त्याच आठवड्यात, गल्लीतला माग मागे चालू असताना, पार्वतीबाईंनी सोळाच्या सोळा गजरांच्या सूचना रेकॉर्ड करून घेतल्या होत्या.

तीन वाजता रोशनीचा मामा आला. रुपराव परवापासून उमरेडहून येऊन इथेच उतरला होता, पण दिवसा घरात थांबत नव्हता. आताही तो आत आला नाही. दारात, उंबऱ्याच्या बाहेर, गमछा डोक्याला गुंडाळून बसला.

"मॅडम, उद्या त्या पालक ठरवायच्या समितीपुढे मी सांगणार का हिले सावनेरकडच्या मतिमंदांच्या गृहात ठेवा," तो म्हणाला. "मले घर नाही पाहिजे. लिहून घ्या पाहिजे तर."

"मग काहून नेता?" ओट्यावरून गोदूबाईंनी विचारलं. "रात्री माही मयुरी झोपते तिच्यापाशी. भाजी मी देतो. दिवसा गाडी येते न्याले. काय कमी आहे पोट्टीले?"

"तुमी दोन दिवस झोपून पाहा त्या घरात." रुपरावने गमछ्याने तोंड पुसलं. "साडेपाचला बहीण उठवते. ऊठ, म्हणते. आज मी उठलो, मोरीत गेलो, दात घासले, चूळ भरली. मग आठवलं का ते मले नव्हतं सांगितलं." तो हसला नाही. "गृहात माणसं असतात, मॅडम. बोलणारे, जित्ते माणसं. इथं मेलेल्या बाईच्या सांगण्यावर ही चालून राहिली. फोन बंद पडला तर ही बसल्या जागी बसून राहीन."

समितीतल्या बाईंनीही कुसुमताईंना फोनवर हेच विचारलं होतं: सांगणारं कोणी नसलं तर? जवळचा नातेवाईक रुपराव एकटाच होता. त्याने संमती दिली तर रोशनी या घरात, या गल्लीत राहणार होती. नाही दिली तर मंगळवारी तिचं सामान बांधायचं होतं. गृह वाईट नव्हतं, कुसुमताईंनी ते पाहिलं होतं. चाळीस खाटा होत्या. तिथे कोणाला कधी उठायचं ते एकच घंटा सांगत असे.

"चारला ती चहा करते," कुसुमताई म्हणाल्या. "आज फोन बंद ठेवू. तुमच्यासमोर."

"केला तर सही करतो," रुपराव म्हणाला. "नाही केला तर मग तुमी मले थांबवायचं नाही."

"नाही थांबवणार."

चारला तीन मिनिटं असताना त्यांनी पिशवीतून फोन काढून बंद केला. एखाद्या बाईच्या तोंडावर हात ठेवावा तसं वाटलं, म्हणून त्यांनी फोन पुन्हा पिशवीत ठेवला आणि भिंतीशी जाऊन बसल्या. मांडीवर फाइल, फाइलमध्ये चहाचे अकरा तुकडे, प्रत्येकापुढे रिकामा चौकोन.

चार वाजले. रोशनी चटईवर बसली होती. कुलरचं पाणी ठिबकत होतं. तिने पिशवीकडे पाहिलं.

कुसुमताईंनी पाच मोजले. मग पुन्हा पाच. चार वाजून दोन मिनिटं. चार वाजून चार. रोशनीचे हात मांडीवर तसेच होते. गोदूबाईंच्या चिंचा फोडण्याचा आवाजही बंद झाला होता.

"झालं न, मॅडम," रुपराव हळू म्हणाला.

तेव्हा माग सुरू झाला.

खट-खटक, खट-खटक. अगदी बारीक, आणि घरातूनच. कुसुमताईंनी आधी पिशवीकडे पाहिलं. मग रोशनीकडे. तिचे ओठ जरा उघडे होते आणि आत जीभ टाळूवर आपटत होती. एकाच तालात, डोळे समोर भिंतीवर. मग माग थांबला आणि रोशनी खोकली. तो तिचा खोकला नव्हता. पन्नास वर्षं सुताच्या तुसांत काढलेल्या छातीचा होता, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा.

"चार वाजले वं रोशनी," पार्वतीबाईंचा आवाज म्हणाला. "ऊठ. गंज घे."

मग श्वास. एक, दोन, तीन, चार, पाच.

रोशनी उठली. तिने चहाचा गंज, ते छोटं पातेलं, घेतला.

रुपराव उभा राहिला होता. त्याचा एक हात चौकटीवर होता. "अंगात आली," तो कुजबुजला. "मॅडम, माही बहीण हिच्या अंगात आली."

"नाही," कुसुमताई म्हणाल्या. "ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतात अशी काही मुलं. मी पाहिली आहेत." पाहिली होती हे खरं होतं. ती मुलं जाहिराती म्हणत, बातम्या म्हणत, रेल्वे स्टेशनवरच्या सूचना म्हणत. हाताच्या लवेला मात्र हे माहीत नव्हतं. ती उभी होती.

"पाणी घाल." श्वास. पाणी पडलं. कुसुमताईंनी पहिले दोन चौकोन रिकामेच ठेवले. काय लिहावं? सांगितल्यावर केलं, म्हणजे 'सू'. पण सांगितलं कोणी?

रोशनीची मान वळली. तिने दारातल्या रुपरावकडे पाहिलं, एक क्षणभर, आणि पुन्हा गंजाकडे.

"रुपराव आला," पार्वतीबाईंचा आवाज म्हणाला. "अजून कपभर पाणी घाल. त्याचा चहा बिनसाखरेचा काढ."

कुसुमताईंची पेन्सिल थांबली. सोळा गजर त्यांनी आज दुपारीच दोनदा ऐकले होते, शब्दशः उतरवून घेतले होते. हे वाक्य त्यांत नव्हतं.

"तिले कसं माहीत?" रुपराव एक पाऊल मागे सरला. "मॅडम, तिले कसं माहीत?"

"काय?"

"साखरेचं. मले मागच्या महिन्यात निघाली साखर. बहिणीच्या तेरवीनंतर. तिले माहीतच नव्हतं, ती गेली होती."

कुसुमताईंनी फाइलची पानं मागे उलटली. त्या प्रयोगाच्या नोंदी तपासाव्यात तसा विचार करत होत्या.

"इथे कोणाला सांगितलं होतं तुम्ही?"

"कोणाले नाही. आज सकाळी गोदूबाईनं चहा आणला तवा म्हटलं, मले बिनसाखरेचा लागते आता."

"तेव्हा रोशनी कुठे होती?"

रुपरावची नजर चटईकडे गेली.

"तिथंच," ओट्यावरून गोदूबाई म्हणाल्या. "वेणी घालून देत होती मी तिची."

गॅसवर पाण्याला बुडबुडे येत होते. कुसुमताई शांतपणे, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला ते माहीत नव्हतं, रुपरावजी. ते रोशनीनं ऐकलं. वाक्य तिचं आहे. तिला स्वतःचा आवाज कधी लागला नाही, म्हणून जो सापडला त्यात बोलली."

"आजपर्यंत नाही बोलली."

"आजपर्यंत तिच्यासाठी कोणीतरी बोलत होतं."

रोशनीने पत्ती घातली. दूध घातलं. गंज चिमट्याने धरून एक कप गाळला, तो बाजूला ठेवला, मग उरलेल्यात साखर टाकली. प्रत्येक वेळी आधी खोकला, मग आवाज, मग ते पाच श्वास. उरलेला चहा तिने दोन कपांत ओतला. गॅसची चावी फिरवली. कुसुमताईंनी वरपासून खालपर्यंत अकरा चौकोनांत एकच अक्षर लिहिलं: स्व. नंतर त्या त्याकडे पाहत राहिल्या. जे पाहिलं ते लिहिलं होतं. तरी आतून एक थंड धागा सुटत नव्हता. इतकी वर्षं आपण या घरात येऊन, हिच्यासमोर बसून, हिच्याविषयी काय काय बोललो?

त्या वर्षांतलं बरंचसं त्यांना आठवलं. पार्वतीबाई कधीतरी म्हणाल्या होत्या, माह्या आधी ही गेली तर बरं. कुसुमताईंनी मान हलवली होती.

"कुठं करू सही?" रुपरावने विचारलं.

त्याने उंबऱ्यावर कागद ठेवून सही केली, सावकाश, आडनाव पूर्ण लिहून. तोवर रोशनी बिनसाखरेचा कप घेऊन दाराशी आली. ती कप पुढे धरून उभी राहिली.

भाचीच्या पाया मामाने पडायचं, ही इकडची रीत आहे. लहान पोरीच्याही पडतात. रोशनीच्या बाबतीत ती कोणाला आठवली नव्हती. तेहेतीस वर्षांत सणावारी रुपराव आला, लुगडं ठेवून गेला, तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

त्याने चपला काढल्या. डोक्याचा गमछा सोडून खांद्यावर घेतला आणि उंबऱ्याबाहेरून वाकून भाचीच्या पायांना हात लावला.

चहा सांडू नये म्हणून रोशनीने कप जरा उंच धरला. मामा उठून उभा राहीपर्यंत तिने तो तसाच धरून ठेवला.